हिराईने दगडात ठेवलेली गोष्ट

चैत्र लागला की चंद्रपूरच्या झरपट नदीच्या काठी माणसांचा पूर येतो. नांदेड, परभणी, हिंगोली या भागांतून आणि पलीकडे तेलंगणातूनही लोक महाकालीच्या यात्रेला येतात. कुणी रेल्वेने, कुणी ट्रकमधून, कुणी पायी. कडेवर पोर, डोक्यावर गाठोडे आणि तोंडात देवीचे नाव. चैत्र पौर्णिमेला तर झरपटच्या काठावर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. सगळ्यांची घाई एकच असते, देवीचे मुख एकदा डोळे भरून पाहायचे. मान वर करून देवळाच्या शिखराकडे पाहणारे त्या गर्दीत थोडेच असतात. चांद्याची परंपरा मात्र सांगते की या शिखरावर एका माणसाचे मस्तक दगडात कोरून बसवलेले आहे. ते देवाचे नाही आणि संताचेही नाही. ते एका शत्रूचे आहे. त्याचे तोंड देवगडच्या दिशेला केलेले आहे.

हे मस्तक तिथे का बसले आणि ते बसवणारी बाई कोण होती, याची गोष्ट म्हणजेच चांद्याच्या राणी हिराईची गोष्ट. आपल्या शाळेच्या पुस्तकांत जिजाबाई भेटतात, अहिल्याबाई भेटतात, झाशीची राणी भेटते. झाडीपट्टीतली आणि चांद्याकडची मुले या तिघींची नावे घडाघडा सांगतील. पण आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी जिने एवढे दगड बोलके केले, त्या राणीबद्दल त्यांना विचारले तर बहुतेक वेळा एका सभागृहाचे नाव सांगून गप्प बसतील. मी चिमूरचा. आमच्याकडून चंद्रपूर गाठायचे तर ताडोबाच्या जंगलाला वळसा घालून वरोरा, भद्रावती करत जावे लागते. बँकेच्या नोकरीत आणि पुढे कादंबऱ्यांच्या निमित्ताने हा वळसा मी किती वेळा घातला याची मोजदाद नाही. दर खेपेस जटपुरा दरवाज्यातून शहरात शिरताना मला हिराईची आठवण होते.

हिराईच्या काळाचे तिच्या हातचे कागद आपल्यापाशी नाहीत. तिचे चरित्र आपल्याला मिळाले ते दोन वाटांनी. पहिली वाट परधानांची. परधान म्हणजे गोंडांचे भाट. किंगरीच्या सुरावर ते घराण्याच्या पिढ्या, देवांच्या कथा आणि राजांचे पराक्रम गात आले. दुसरी वाट इंग्रज अधिकाऱ्यांची. १८६९ साली मेजर ल्युसी स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल तयार केला. शेतसाऱ्याच्या आकड्यांसोबत या गृहस्थाने जुन्या गोंड राजांच्या कहाण्याही निगुतीने टिपून ठेवल्या. १९०९ च्या जिल्हा गॅझेटियरने त्याच कहाण्या पुढे नेल्या. तेव्हा पुढे जे सांगणार आहे, त्यात इतिहास आणि दंतकथा दुधात साखर विरघळावी तशा मिसळलेल्या आहेत. दगड मात्र खरे आहेत आणि ते जागेवर आहेत.

हिराई ज्या घरात सून म्हणून आली ते घर साधे नव्हते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात खांडक्या बल्लाळशहाने चांदा वसवले असे मानतात. त्याच्या अंगावर गळवे होती, झरपटच्या पात्रातल्या एका खळग्यातल्या पाण्याने ती बरी झाली आणि तिथेच पुढे अंचलेश्वराचे देऊळ उभे राहिले, ही कथा चंद्रपुरात पोरासोरांनाही ठाऊक आहे. कुत्र्याच्या मागे ससा धावताना राजाने पाहिला आणि त्या धावेच्या वाटेवर कोटाची आखणी केली, हीदेखील त्याचीच कथा. त्याच्या वंशजांनी पिढ्यान् पिढ्या बांधत नेलेला तो परकोट आजही शहराला वेढून उभा आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे आणि बगड, हनुमान, विठोबा, चोर, मसाण अशा पाच खिडक्या. अकबराच्या काळात अबुल फजलने ऐन-इ-अकबरी लिहिली, तिच्यात चांद्याच्या गोंड राजाची नोंद आहे. एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ, असे त्याचे बळ तिथे सांगितले आहे.

कोटाच्या दरवाज्यांवर एक शिल्प दिसते. सिंहासारखा एक शार्दूल हत्तीला पंजाखाली दाबून उभा आहे. हा गजशार्दूल म्हणजे गोंड राजघराण्याची निशाणी. हत्ती म्हणजे मोठ्यातला मोठा बलवान आणि त्यालाही नमवणारे आम्ही, असा त्याचा अर्थ लोक लावतात. अक्षर न वाचता येणारा माणूसही दरवाज्यापाशी आला की त्याला कळे, हे गाव कुणाचे आणि इथे कुणाची सत्ता चालते. शिलालेखाचे काम या चित्रानेच केले. नव्या सुनेला घराण्याची पहिली ओळख झाली असेल ती या दगडी जनावराकडूनच.

तिचा नवरा बिरशहा. या दोघांना एकच अपत्य होते, एक मुलगी. ती उपवर झाली तेव्हा तिला देवगडच्या घराण्यातल्या दुर्गपालाला दिली. काही जण त्याला दुर्गशहा म्हणतात. देवगड म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातले गोंड राज्य. नागपूर शहर वसवणारा बख्त बुलंद शाह याच घराण्यातला. चांदा आणि देवगड ही दोन्ही घराणी गोंडांचीच, तोलामोलाची, आणि म्हणूनच एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहणारी. अशा दोन घरांतले लग्न म्हणजे सोयरिक कमी आणि तहच अधिक. असले तह मोडतात तेव्हा त्याचा पहिला चटका मुलीला बसतो. इथेही तसेच झाले. दोन घरांत काही कुरबूर झाली आणि दुर्गपालाने आपल्या बायकोचा, चांद्याच्या लेकीचा, अपमान केला.

तो अपमान नेमका काय होता हे परंपरा सांगत नाही आणि ते बरेच आहे. माहेरी बातमी पोचली तेव्हा बिरशहा संतापाने पेटला. जावयाचे मस्तक महाकालीला वाहीन असा त्याने नवस केला आणि फौज घेऊन निघाला. लढाईत चांद्याचे पारडे आधी खाली गेले होते. मग राजाने देवीचा धावा केला आणि दिवस फिरला. दुर्गपाल पडला. त्याचे मस्तक चांद्याला आणून महाकालीपुढे ठेवण्यात आले. पुढे हिराईने देवीचे नवे, मोठे देऊळ बांधले आणि त्या मस्तकाची दगडी प्रतिकृती देवळावर बसवली, देवगडकडे तोंड करून. चैत्र पौर्णिमेची यात्राही या विजयाची आठवण म्हणून हिराईनेच सुरू केली, असे चंद्रपूरचे लोक सांगतात.

हे शिल्प मला पहिल्यांदा चमत्कारिक वाटले होते. देवळावर गंधर्व असतात, अप्सरा असतात, व्याल असतात. शत्रूचे मुंडके कशासाठी? याचे उत्तर मला आपल्याकडच्या पुस्तकांत सापडले नाही. ते सापडले जगाच्या पार दुसऱ्या टोकाला, अमेरिकेच्या अलास्का किनाऱ्यावर. तिथे ट्लिंगिट नावाचे आदिवासी राहतात. समुद्र, बर्फ आणि सीडरची उंचच उंच झाडे हे त्यांचे जग. सीडरचे अखंड खोड घेऊन त्यावर ते एकावर एक आकृत्या कोरतात. कावळा, गरुड, अस्वल, लांडगा, देवमासा. ही नुसती शोभा नसते. प्रत्येक कुळाची आपली निशाणी ठरलेली असते आणि त्या निशाणीमागची गोष्टही त्या कुळाच्या मालकीची असते. दुसऱ्या कुळातल्या माणसाने ती परवानगीवाचून सांगायची नाही. खांब उभा करायचा तर गावोगावच्या पाहुण्यांना जेवण आणि भेटी द्यायच्या, कारण ते पाहुणे त्या गोष्टीचे साक्षीदार होतात.

आमच्या गोंडांना हे ऐकून नवल वाटणार नाही. त्यांच्यातही चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट आहेत आणि एकाच गटात लग्न होत नाही. ट्लिंगिटांतही कावळ्याच्या बाजूच्या माणसाने गरुडाच्या बाजूचीच सोयरिक करायची असा दंडक होता. त्यांच्या कथेत कावळा पेटीत कोंडलेला सूर्य आणि चंद्र बाहेर काढून जगाला उजेड देतो. आपल्या परधानांच्या कथेत लिंगो गुहेत कोंडलेल्या देवांना सोडवतो. ती गुहा गोंदिया जिल्ह्यात कचारगडला आहे असे गोंड मानतात आणि माघ पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. हजारो मैलांचे अंतर आणि मध्ये दोन समुद्र, पण अंधारात कोंडलेले काहीतरी मोकळे करण्याची ओढ सारखीच.

तर सांगायचे ते हे, की या ट्लिंगिटांत खांबांचा एक खास प्रकार आहे. त्याला लाज आणणारा खांब म्हणता येईल. कुणी देणे बुडवले, पाहुणचाराची परतफेड केली नाही, कुळाचा अपमान केला, की त्या माणसाची आकृती कोरून खांब भर गावात उभा करायचा. १८६७ साली अमेरिकेने रशियाकडून अलास्का ७२ लाख डॉलरना विकत घेतला. तो सौदा करणारे मंत्री विल्यम सेवर्ड दोन वर्षांनी, १८६९ मध्ये, तिकडे गेले. ट्लिंगिटांच्या एका सरदाराने त्यांना मेजवानी दिली, मौल्यवान भेटी दिल्या. सेवर्डसाहेब भेटी घेऊन गेले आणि परत काहीच दिले नाही. झाले! त्यांचा खांब उभा राहिला. वर सेवर्डसाहेब बसलेले आणि त्यांचे नाक, कान लाल रंगवलेले, म्हणजे माणूस कंजूष. त्या खांबाची नवी आवृत्ती सॅक्समन गावात आजही पाहायला मिळते. ही प्रथा मेलेली नाही. १९८९ साली एक्झॉन व्हाल्डेझ जहाजातून तेल गळून तिथला समुद्र नासला, तेव्हा त्या कंपनीच्या नावाचा असाच एक खांब २००७ साली कॉर्डोव्हा गावात उभारला गेला.

माझा जन्म वसुलीत गेला. पहिली नोटीस, दुसरी नोटीस, मग वकिलाची नोटीस, मग दावा. थकबाकीदार आमच्या कागदांना भीत नसे. त्याला भीती असे ती गावात चर्चा होण्याची. म्हणून सेवर्डसाहेबांचा खांब मला चटकन कळला आणि त्यासोबत हिराईचा दगडही कळला. देवळावरचे ते मस्तक म्हणजे चांद्याच्या राणीने देवगडला काढलेली कायमची नोटीस आहे. तुमच्या मुलाने आमच्या मुलीला वागवले ते आम्ही विसरलेलो नाही आणि येणारेजाणारेही विसरणार नाहीत, एवढाच तिचा मजकूर.

एवढ्यावर थांबलो असतो तर गोष्ट सरळ होती. पण कादंबरी लिहिणाऱ्याला सरळ गोष्ट गोड लागत नाही. मला सारखी त्या मुलीची आठवण येते. तिच्या अपमानासाठी युद्ध झाले, तिच्या नावाने नवस बोलला गेला आणि तो फेडताना तिचेच कुंकू पुसले गेले. देवीपुढे ठेवलेले मस्तक तिच्या नवऱ्याचे होते. तिला हे हवे होते का, हे कुणी विचारले असेल असे वाटत नाही. हिराई राणी होती तशी आईही होती. देऊळ बांधताना शिल्पकारांना ते मस्तक कोरायला सांगताना तिच्या मनात अभिमान होता की हुंदका होता, हे दगड सांगत नाही. तो फक्त देवगडची बाजू दाखवतो. मुलीची बाजू त्याच्यावर कोरलेली नाही.

आणि नियतीचा खेळ पाहा. मुलीच्या नशिबी जे आले तेच थोड्या काळाने आईच्या नशिबी आले. बिरशहाला मुलगा नव्हता. गादीला वारस हवा म्हणून त्याने दुसरे लग्न करायचे ठरवले. त्या काळच्या राजघराण्यात यात वावगे काही नव्हते, पण हिराईने ते मुकाट्याने पाहिले असेल तेव्हा तिला काय वाटले असेल हे कोणत्याही काळातल्या बाईला सांगावे लागणार नाही. राजाच्या पदरी हिरामण नावाचा एक रजपूत होता. त्याच्यापाशी मंतरलेली तलवार आहे अशी बोलवा होती. ती तलवार दाखव म्हणून राजा त्याच्या मागे लागला होता. लग्नाच्या धामधुमीतच राजाने पुन्हा तो विषय काढला आणि हिरामणने ती तलवार राजावरच चालवली. वऱ्हाड निघायचे त्या घरातून प्रेतयात्रा निघाली.

आता हिराईपुढे काय होते ते पाहू. नवरा गेला, तोही दुसरी बायको आणायला निघाला असताना. पोटी मुलगा नाही. जावई नवऱ्याच्याच हाताने मेलेला, म्हणून उत्तरेला वैर. सगळीकडे मोगलांचा दरारा. रिकाम्या गादीवर डोळा ठेवणारे भाऊबंद कोणत्या घराण्यात नसतात? अशा वेळी तिने जे केले त्यातच तिचे मोठेपण आहे. तिने नवऱ्याची समाधी बांधली. अंचलेश्वराच्या देवळाजवळ गोंड राजांचे समाधिस्थळ आहे. आज ते पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. तिथे अनेक राजांच्या समाध्या आहेत, पण त्या सगळ्यांत भव्य आणि देखणी बिरशहाची. शेजारच्या अंचलेश्वराच्या भिंतींवर लहान लहान चौकटींत देवादिकांची शिल्पे कोरलेली आहेत. त्या देवळाच्या जीर्णोद्धाराचे श्रेयही लोक हिराईलाच देतात. समाधीवर मात्र तिने फार बडेजाव केला नाही. दगडाचा भक्कमपणा आणि मोजकी आखणी यांवरच तिने भर दिला.

चंद्रपूरकर या समाधीची तुलना ताजमहालाशी करतात. संगमरवराशी वालुकाश्माची तुलना व्हायची नाही, पण तुलनेत एक मुद्दा खरा आहे. राजांनी राण्यांसाठी बांधलेल्या वास्तू पुष्कळ आहेत. राणीने राजासाठी बांधलेली आणि शहराने तीनशे वर्षे तिच्या नावाने ओळखलेली वास्तू विरळा. त्यातही जो नवरा सवत आणायला निघाला होता, त्याच्यासाठी. याला प्रेम म्हणावे की कर्तव्य?

माझ्या मते दोन्ही, आणि तिसरे म्हणजे शहाणपण. बँकेत असताना खातेदार वारला की त्याची विधवा टेबलासमोर येऊन बसे. हातात मृत्यूचा दाखला, पदराआड एखादे पोर. आणि तिच्या मागोमाग दोनचार दिवसांत दीर, पुतणे, कुणी लांबचा मामेभाऊ येऊन साहेब, वारस आम्ही असे सांगू लागे. तेव्हा त्या बाईला लागे तो कागद. मी अमक्याची बायको, या घरातले मला सगळे ठाऊक आहे, हे सिद्ध करणारा कागद. हिराईने हा कागद दगडाचा केला. एवढी मोठी समाधी बांधणारी बाई ही राजाची खरी पत्नी आणि त्याच्या गादीची राखणदार आहे, हे सांगायला दवंडीची गरज उरली नाही. सवत येता येता राहिली, पण समाधी हिराईची झाली.

मग तिने वारस निवडला. चंदनखेड्याच्या गोविंदशहाचा मुलगा रामशहा याला तिने दत्तक घेतले. चंदनखेडा आज भद्रावती तालुक्यात आहे, आमच्या चिमूरपासून फार लांब नाही. तो मुलगा कर्ता होईपर्यंत कारभार तिने पाहिला. इथे मला पुन्हा ट्लिंगिटांची आठवण होते. त्यांच्यात मूल आईच्या कुळाचे मानले जाते. मामाचा मान आणि निशाणी भाच्याकडे जाते. हिराई तिकडे जन्मली असती तर तिच्या लेकीचे लेकरू आजोळच्या निशाणीखाली वाढले असते आणि दत्तकाची वेळच आली नसती. इकडे मात्र मुलगी असूनही घर निपुत्रिक ठरले. त्या चौकटीतच तिला वाट काढावी लागली आणि तिने ती काढली. वैराचा दगड शिखरावर ठेवून तिने वैर मात्र राज्यकारभारात आणले नाही. मुलीच्या अपमानाच्या नावाने पुन्हा तलवार उपसल्याची कथा परधानांच्या गाण्यातही नाही. राग तिने एका जागी कोरून ठेवला आणि हात कामाला मोकळे केले.

रामशहा चांगला निघाला. त्याच्याबद्दल असे सांगतात की नागपूरकर रघूजी भोसले चांद्यावर डोळा ठेवून आले होते, पण या राजाची साधी, सात्त्विक मूर्ती पाहून त्यांचे मनच पालटले आणि ते हात जोडून परत गेले. हिराईची निवड किती नेमकी होती याची ही लोकांनी दिलेली पावतीच. रामशहानंतर नीलकंठशहा आला. त्याच्या हातून राज्य निसटले आणि १७५१ मध्ये चांदा भोसल्यांकडे गेले. त्यानंतर शंभर वर्षांनी इंग्रज आले. पुढे चांद्याचे चंद्रपूर झाले आणि १९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. इतक्या उलथापालथींत गजशार्दूल दरवाज्यांवर तसाच राहिला.

चंद्रपुरातच लालपेठेला आणखी काही अजस्र शिल्पे उघड्यावर पडली आहेत. त्यांतली एक दहा तोंडांची आहे. लोक तिला दशमुखी दुर्गा म्हणतात. रायप्पा नावाच्या धनाढ्य वैश्याने मोठे देऊळ बांधायला काढले, मूर्ती घडवून घेतल्या आणि काम पुरे होण्याआधी तो वारला, अशी तिथली कथा आहे. आकाराने या मूर्ती हिराईच्या कोणत्याही दगडापेक्षा मोठ्या. पण त्यांना घर मिळाले नाही, शिखर मिळाले नाही आणि गोष्ट पुढे नेणारे माणूसही मिळाले नाही. दगडाला नुसता पैसा पुरत नाही, हे लालपेठेत गेल्यावर कळते.

ट्लिंगिटांचा खांब लाकडाचा. समुद्राच्या दमट हवेत तो साठ, सत्तर, फार तर शंभर वर्षे टिकतो. मग कुजतो, पडतो. सेवर्डसाहेबांचा पहिला खांबही असाच गेला आणि तो पुन्हा कोरावा लागला. कोरायचा म्हणजे म्हाताऱ्यांना विचारावे लागते, वर कोण होता, नाक लाल का होते, काय घडले होते. म्हणजे प्रत्येक दोनतीन पिढ्यांनी गोष्ट पुन्हा सांगावीच लागते. आपल्याकडे दगड. तो तीनशे वर्षे जागचा हलत नाही, म्हणून आपण निर्धास्त राहतो. दगड आहे ना, मग गोष्ट कुठे जाते, असे आपल्याला वाटते. आणि गोष्ट तेवढ्यात निघून जाते. किंगरी वाजवणारा परधान आता लग्नकार्यात दिसत नाही. त्याच्या मुलाला नोकरी हवी आहे आणि त्यात त्याची चूक नाही. पण तो गात होता तोवर शिखरावरच्या मस्तकाला नाव होते. तो थांबला की ते नुसता कोरलेला दगड होईल.

काही चांगलेही घडते आहे. २०१७ पासून चंद्रपूरच्या इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी परकोटाची सफाई हाती घेतली. झाडेझुडपे, कचरा आणि माती यांखाली गाडले गेलेले बुरूज त्यांनी आपल्या हातांनी मोकळे केले. तटावरून लोक आता फिरायला जातात. तट स्वच्छ झाला, आता त्याची गोष्ट सांगणारे हवेत. शाळेच्या सहली ताडोबाला वाघ पाहायला येतात. त्या बसने परत जाताना दोन तास शहरात थांबावे. जटपुरा दरवाज्यावरचा शार्दूल पाहावा, बिरशहाच्या समाधीपाशी डबे उघडावेत, महाकालीच्या शिखराकडे मान वर करून पाहावे. मुलांना कोणता वाघ जास्त लक्षात राहील, सांगता येत नाही.

हिराईच्या नावावर परंपरेने जमा केलेल्या कामांची यादी मी पुष्कळदा मनाशी केली आहे. देवीचे देऊळ, शत्रूचे मस्तक, नवऱ्याची समाधी, अंचलेश्वराचा जीर्णोद्धार, दत्तक मुलाचे राज्य. या यादीत तिचे स्वतःचे शिल्प नाही. तिच्या लेकीचेही नाही. जिच्यामुळे हे सारे घडले ती मुलगी कोणत्याच दगडावर नाही. म्हणून पुढच्या वेळी घरात कुणी मुलांना ही गोष्ट सांगायला बसेल, तेव्हा बिरशहाची तलवार आणि दुर्गपालाचे मस्तक यांवर ती संपवू नये. माहेर आणि सासर या दोन राज्यांच्या मधे उभ्या असलेल्या त्या मुलीचे पुढे काय झाले असेल, हे मुलांना विचारावे. त्यांची उत्तरे ऐकून घ्यावीत. हिराईच्या लेकीचा खांब अजून कुणी उभा केलेला नाही. तो लाकडाचा किंवा दगडाचाच असला पाहिजे असे नाही.